रंगनाथभाऊंच्या गाडीचा मागचा वायपर

वायपर घूं करत होता, पण जागचा हलत नव्हता.

"बंद करा, भाऊ!" मी मागून ओरडले. "आधी बंद करा!"

रंगनाथभाऊंनी बटण फिरवलं. आवाज थांबला. मी गाडीला वळसा घालून पुढे गेले, तर ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे.

"जळला का गं?"

"नाही. जाम आहे. जळला असता तर आवाजच आला नसता."

हे जरा सोपं करून सांगते. वायपरची मोटर आवाज करते म्हणजे तिच्यापर्यंत करंट पोचतोय. फ्यूज ठीक, वायर ठीक. ती फिरायचा प्रयत्न करतेय, पण कशाने तरी अडलीय. अशा अडलेल्या मोटरला करंट देत राहिलं, तर आतली तांब्याची तार तापते आणि तिच्यावरचं वार्निश जळतं. मग मात्र मोटर भंगारात. म्हणून आधी बंद करायचं, डोकं नंतर चालवायचं. हे मला भाऊंनीच शिकवलं होतं, आणि आता मी त्यांच्याच अंगणात उभी राहून त्यांच्यावर ओरडत होते. कारखान्यात असं ओरडायची माझी काय, मॅनेजरचीही छाती झाली नसती.

मी शमीम. नवलाख उंबऱ्याच्या बाजूला वायपर मोटर बनवणारा एक कारखाना होता, तिथे माझी सगळी नोकरी झाली. आधी वायंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम, मग असेंब्ली, आणि शेवटची बरीच वर्षं फायनल इन्स्पेक्शन, म्हणजे तयार मोटर तपासून 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं काम. रंगनाथभाऊ आमचे फोरमन. माणूस कुरवंड्याचा, घरची भातशेती सांभाळून शिफ्टला यायचे. राग नाकावर, पण रागाच्या मागे नेहमी कारण असायचं. आता कारखाना नाही, लाइन दुसऱ्या राज्यात गेली. मी सोमाटण्यात घरच्या ओट्यावर शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करते. हाताला सवय आहे, गप्प बसवत नाही.

मग एक दिवस भाऊंचा फोन आला. गाडी गल्लीतून मागे घेताना सार्वजनिक नळाच्या कट्ट्यावर आदळली होती. कट्ट्याची एक कड फुटली, गाडीचा बंपर चेपला. नळाला तेव्हा पाणी नव्हतं, म्हणून तिथे कोणी नव्हतं. पाणी असतं तर गावातल्या बायका तिथे हंडे लावून उभ्या असत्या.

त्यांचा मुलगा संतोष पुण्याला नोकरीला आहे. त्याने फोनवर एका वाक्यात निकाल लावला होता. "रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. आता बास."

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, शमीम," भाऊ मला म्हणाले होते. "दोष वायपरचा हाय. मागची काच पावसानं भरलेली, वायपर बसलेला, मग मला मागचं दिसणार कुटनं? लोणावळ्यात दोन गॅरेजला दावली गाडी. म्हणत्यात ही मोटर आता येतच न्हाई. तूच ये. आपल्याच लाइनची मोटर हाय."

ती गाडी गेली तर काय होईल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कुरवंड्यातून लोणावळ्यात जायचं तर एसटीची वाट बघायची नाहीतर कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसायचं. आणि भाऊ कोणाच्या मागे बसणारे नव्हेत. निवृत्तीनंतर घेतलेली ती गाडी. बाजार, वहिनींचं गुडघ्याचं औषध, कोणाचं लग्न, कोणाची मयत, सगळं तिच्यावर. म्हणून मी हत्यारांची पिशवी उचलली, एसटीने लोणावळा गाठलं आणि तिथून रिक्षा केली. खरं सांगते, भाऊंचं म्हणणं बरोबर निघावं असं मला फार वाटत होतं.

आधी आर्म काढायचा. आर्म म्हणजे ज्या दांडीला वायपरचं रबर असतं ती दांडी. टोपण उचकटलं, नट सोडवला, पण आर्म निघेना. गंज चढलेला. तेल सोडलं आणि हलक्या हाताने हलवत राहिले. शेवटी तो कुरकुरत सुटला. खाली शाफ्टच्या, म्हणजे आर्म फिरवणाऱ्या दांड्याच्या, बुडाशी काळंहिरवं काहीतरी चिकटलं होतं. लोणावळ्याच्या पावसात शेवाळ कुठे नसतं? मी लक्ष दिलं नाही.

मग डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिकचं पॅनल. हे क्लिपांवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की क्लिपा तुटतात आणि पॅनल आयुष्यभर खडखडत राहतं. मी आत डोकावून म्हटलं, "वहिनी, एक लाकडी कालथा द्या."

"पिठल्याचा देऊ का भाजीचा?" पारूवहिनींनी आतून विचारलं.

"ज्याची माया कमी असेल तो."

वहिनी हसत कालथा घेऊन आल्या. त्याच्या चपट्या टोकाने पॅनल न कुरकुरता सुटलं. कनेक्टर काढला, बोल्ट काढले आणि मोटर हातात आली.

ती हातात आली आणि मी जरा वेळ तशीच उभी राहिले. झाकणावर हिरव्या रंगाचा ठिपका होता. आमच्या लाइनवर मोटर पास झाली की फायनलला बसलेली बाई पेनने असा ठिपका द्यायची. आम्ही तिघी-चौघी होतो त्या टेबलाला, त्यामुळे हा ठिपका माझाच असेल असं काही नाही. पण मला एकदम वार्निशच्या भट्टीचा वास आला. दुपारच्या सुट्टीत सुदुंबऱ्याची सुमन डब्यात शेंगदाण्याचा ठेचा आणायची, त्याचा वास आला. भोंगा झाला की पळा पळा कोण पुढे करत आम्ही कंपनीच्या बसकडे धावायचो, ते आठवलं. एवढ्या मोटरी केल्या आम्ही. कुठे कुठे, कोणाकोणाच्या काचा पुसत असतील त्या. आणि एक इथे, भाऊंच्या दारात येऊन थांबली होती.

"काय बघतीस?" भाऊंनी विचारलं.

"हिरवा ठिपका आहे, भाऊ."

"आसणारच," ते म्हणाले. पण वाकून बघितलं नाही त्यांनी.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. मोटर उघडायच्या आधी गिअरच्या दातावर आणि कव्हरवर रंगाची खूण करून घेतली. ही खूण फार कामाची. वायपर बंद केला की तो काचेच्या मध्येच थांबत नाही, कडेला जाऊन झोपतो. त्याला आम्ही पार्किंग म्हणतो. गिअर परत बसवताना एक दात जरी चुकला, तरी वायपर भलतीकडे जाऊन झोपतो.

आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, पण मोटर चांगली होती. आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला आतला फिरता भाग, हाताने फिरत होतं, वायंडिंगला काळेपणा नव्हता. अडला होता तो बाहेर येणारा शाफ्ट. शाफ्ट लोखंडाचा, त्याच्याभोवतीचं घर ॲल्युमिनियमचं. मध्ये पाणी गेलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि ती फुगून शाफ्टला घट्ट आवळते. हा जुना रोग आहे. पण पाणी जाऊ नये म्हणून वरच्या तोंडाशी रबराचं सील असतं. मग पाणी गेलं कसं?

मी चिमट्याने ते काळंहिरवं शेवाळ उचललं. ते तुटलं नाही. लांब निघत आलं.

दोरा होता. शाफ्टच्या बुडाशी वेढे घालून बांधलेला, रबराच्या ओठाखाली सरकलेला. केरोसीनमध्ये बुडवला तेव्हा त्याचा मूळचा पांढरा रंग थोडा दिसला आणि त्यात अडकलेली झेंडूची एक वाळकी पाकळीही दिसली.

दसऱ्याच्या हाराचा दोरा. भाऊंनी गाडीची पूजा केली असणार, पुढे बॉनेटला मोठा हार आणि मागे वायपरला एक छोटा. नंतर हार ओढून काढला, दोऱ्याची गाठ तिथेच राहिली. वायपर मागे-पुढे होताना तो दोरा खाली सरकत गेला आणि सीलखाली शिरला. दिव्याची वात तेल ओढते तसा तो अख्खा पावसाळा पाणी आत ओढत राहिला.

दोष सापडला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

त्याचं कारण सांगते. आमच्या कारखान्यात दसऱ्याला सगळ्या मशिनी धुऊन पुसून पूजा व्हायची. हळद, कुंकू, नारळ, हार. हार बांधायला सगळ्यांची झुंबड. मीही बांधायचे, माझ्या टेस्ट बेंचला दरवर्षी. पण भाऊंचा एक कायदा होता. हार मशिनच्या अंगाला बांधायचा, फिरणाऱ्या शाफ्टला दोरा लागता कामा नये. का, तर सुट्टीनंतर शिफ्ट सुरू झाली की तो दोरा बेअरिंगमध्ये जातो. पूजा झाली, प्रसाद वाटला, की भाऊ प्रत्येक मशिनपाशी जाऊन गाठ कुठे मारलीय ते बघायचे. चुकलेली दिसली की स्वतः सोडायचे आणि बांधणाऱ्याला पेढा हातात असतानाच झापायचे. "देवाचं देवाला, शाफ्टचं शाफ्टला!" हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या कानात बसलं होतं.

आणि गाठ म्हणाल, तर तीही बघण्यासारखी होती. एकावर एक मारलेल्या गाठींचा नुसता गुंता. आर्मेचरच्या तारा दोऱ्याने आवळून बांधायचं काम भाऊंनी आम्हा बायकांना शिकवलं होतं. त्यांची गाठ बारीक, चपटी, बोट फिरवलं तरी न लागणारी. हा गुंता त्यांच्या हातचा असणं शक्यच नव्हतं.

"वहिनी," मी हाक मारली, "दसऱ्याला गाडीला हार कोणी बांधला?"

"त्यांनीच. मला हात लावू देत्यात व्हय गाडीला?"

भाऊ माझ्या शेजारीच पाटावर बसले होते. मी दोरा चिमट्यात धरून त्यांच्यासमोर केला.

"काय हाय? वायर का?" त्यांनी विचारलं.

हातभर अंतरावर होता तो दोरा. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चाचपला. पाकळी बोटाला लागली तसे ते थांबले.

"दोरा हाय."

"हो."

"शाफ्टला व्हता?"

"हो, भाऊ."

बराच वेळ ते त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता सापडला ना दोष? मग मोटर कर नीट." आणि दोरा सदऱ्याच्या खिशात टाकला.

मी काम पुढे चालू केलं. शाफ्टवर लाकडाचा ठोकळा धरून हलकी हातोडी मारत मारत तो बाहेर काढला. पॉलिश पेपरने भुकटी घासली, केरोसीनने धुतलं. माझ्या डबीत रबरी रिंगा असतात, त्यातली एक मापाची निघाली. ग्रीस भरायला घेतलं तसे भाऊ परत फोरमन झाले.

"लय भरू नकोस. फिरताना वर चढून पार्किंगच्या पट्टीला लागंल."

"माहितीय, भाऊ."

"म्हाईत हाय म्हणणारीच जास्त भरती."

मला हसू आलं. खुणेला खूण लावून गिअर बसवला, झाकण लावलं आणि गाडीच्या बॅटरीवरून दोन वायरी घेतल्या. मोटर फिरली. भाऊंनी मान तिरकी करून ऐकलं. लाइनवर शंभर आवाजांत ते एका खराब बेअरिंगचा आवाज ओळखायचे.

"गिअर बसला. आवाज सोळा आणे," ते म्हणाले. त्यांच्या कानांना काहीच झालं नव्हतं.

सगळं परत चढवलं. पॅनल, आर्म, नट, टोपण. तोवर पाऊस थांबला होता, धुकं उचललं होतं आणि समोरची गल्ली नळापर्यंत लख्ख दिसत होती. वहिनींनी मागच्या काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. भाऊंनी बटण फिरवलं. वायपर एका दमात काच पुसून गेला, परत आला आणि बंद केल्यावर कडेला जाऊन झोपला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" भाऊंचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला असावा. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बस गाडीत. गल्लीतनं मागं घेऊन दावतो तुला. मग सांग संत्याला फोन करून, दोष कुणाचा व्हता ते."

आता मला हवं असतं तर मी 'पास' म्हणू शकत होते. मोटर पास होतीच. पण मोटरची तपासणी झाली होती, तक्रारीची झाली नव्हती. तक्रार 'वायपर चालत नाही' ही नव्हती. तक्रार 'मागचं दिसत नाही' ही होती.

आमच्या लाइनवर 'ससा' नावाची एक गोष्ट होती. शिफ्ट सुरू होताना चांगल्या मोटरींमध्ये मुद्दाम एक खराब मोटर सोडायची. तपासणाऱ्याने ती पकडली तर तपासणी जागी आहे. नाही पकडली तर आधी तपासणाऱ्याला तपासायचं. ही पद्धत बाहेरून आलेल्या ट्रेनरने शिकवली, पण ससा सोडायचे भाऊच. ज्याच्या हातून ससा सुटला त्याच्यावर ते कधीही ओरडले नाहीत. एरवी शब्द खाली पडू न देणारा माणूस तेव्हा हळू बोलायचा. त्याला लाइनवरून उतरवायचे, कँटीनमध्ये चहा पाजायचे आणि डोळे तपासायला पाठवायचे. दोष माणसाचा नसतो, डोळ्याचा असतो, म्हणायचे.

"आलेच, भाऊ. चप्पल घालते," असं म्हणून मी ओट्यावरचं लाल प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि वहिनींकडे बघितलं. काय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण मला अडवलं नाही. मी स्टूल नळाच्या कट्ट्यापाशी, हंडे लावायच्या जागी नेऊन ठेवलं. मग येऊन भाऊंच्या शेजारी बसले आणि हँडब्रेकवर हात ठेवला.

"गिअर टाकू नका अजून. आधी मागे बघून सांगा."

त्यांनी एकदा वायपर फिरवला. आरशात बघितलं. मग मान वळवून काचेतून बघितलं, नीट, वेळ घेऊन. मी मनातल्या मनात अल्लाला हाक मारत होते. दिसू दे त्यांना. एवढं एक दिसू दे.

"काच बेस झाली," भाऊ म्हणाले. "रस्ता मोकळा हाय. घेऊ मागं?"

माझा हात हँडब्रेकवरून निघाला नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. परत मागे बघितलं. मग गाडी बंद केली.

"काय ठिवलंयस?"

"स्टूल, भाऊ. लाल."

"कुटं?"

"नळापाशी. बायका उभ्या राहतात तिथे."

ते मागे बघतच राहिले. डोळे बारीक केले, मोठे केले, हाताचा आडोसा केला. मग सरळ होऊन बसले.

"ससा लावलास मला."

"हो." मी रडायला लागले होते. ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्यालाच मी रिजेक्ट केलं होतं.

"रडतीस कशाला? बराबर केलंस," भाऊ म्हणाले. तो लाइनवरचा हळू आवाज, कितीतरी वर्षांनी ऐकला. "दोरा हातात दिलास तवाच कळलं व्हतं मला. म्हटलं, वायपर तरी चालू दे." त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर न ठेवता स्वतःच्याच मुठीत धरली. "चल. उतरलो मी लाइनवरनं. आता चहा पाज."

पुढची हकीकत थोडी आहे. लोणावळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो निघेल. दुसऱ्यात काचबिंदू आहे, त्यातलं गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं औषधाने राखायचं. वाचायला, चालायला, भात बघायला पुरेल. गाडीला नाही. ऑपरेशन चांगलं झालं. बाजाराला आता भाऊ एसटीने जातात आणि कंडक्टरला गाडी वेळेवर आणत नाही म्हणून झापतात, असं वहिनी सांगतात.

पण मला सांगायचाय तो रविवार. संतोष भांडायच्या तयारीने आला होता. सोबत डॉक्टरांची नावं, गाडी घेणाऱ्याचा पत्ता, बायकोने पढवून पाठवलेली वाक्यं, सगळं. त्याने चपला काढायच्या आत भाऊंनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि मागचा वायपर लावून दाखवला. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. बोलताना मध्येच थांबत होता.

"मावशी, मी दोन वर्षं सांगतोय त्यांना. ऐकत नव्हते. तुम्ही असं काय बोललात?"

"मी काहीच बोलले नाही रे. मोटर दुरुस्त केली."

आणि हे खरंच आहे. मोटर दुरुस्त झाली नसती, तर ते मरेपर्यंत तिलाच दोष देत राहिले असते. दुरुस्तीचा एवढा एक फायदा असतो. वस्तू नीट झाली की मग बोट दाखवायला वस्तू उरत नाही.